उलटीचं गोंदण

अंजनाबाईंनी माझी सुई पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांना हसू आलं. न फोडलेलं पाकीट उजेडाकडे धरून त्यांनी डोळे बारीक केले आणि लेकीला म्हणाल्या, "एवढीशी सुई? याच्यानं तं मच्छरबी मरणार नाई."

मला राग आला. मला राग लवकर येतो, वॉर्डात सगळ्यांना ठाऊक आहे. चंद्रपूरच्या एका दवाखान्यात केमोच्या वॉर्डात मी नर्स आहे. नागपूरला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आल्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी कोपऱ्यातल्या एका खोलीत पेशंटना सुया लावते. ती खोली मिळावी म्हणून मी दोन वर्षं भांडले होते. डॉक्टर टाचण्या म्हणून चेष्टा करायचे आणि पेशंट दुसऱ्या टोकाला जायचे. याने गाठ विरघळते का, शरीराची पावर वाढते का, असं विचारायचे. दोघांनाही मी एकच सांगायची. गाठ विरघळत नाही. प्रतिकारशक्ती वाढते असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. केमोनंतरच्या उलट्या काही जणांच्या कमी होतात, कुणाला झोप लागते. तेवढंच. हे इतकं ठणकावून सांगत असल्यामुळे आपल्या हातून कुणाची दिशाभूल होणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

अंजनाबाईंची लेक नंदिनी, वय चौतीस. गोंडपिपरीच्या पुढे बारा किलोमीटरवर त्यांचं गाव. डावा स्तन काढलेला होता, सहा केमो द्यायच्या होत्या आणि दोन झाल्या होत्या. दुसऱ्या केमोनंतर ती आठवडाभर ओकत होती. उलटीच्या गोळ्याही उलटीतच बाहेर पडल्या. तिसरीला यायचंच नाही म्हणून ती हटून बसली, तेव्हा नवरा निकेश आणि आई तिला जवळजवळ उचलून घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, सहाही पूर्ण झाल्या तर ही पोरगी जगेल, अर्ध्यात सोडलं तर माझ्या हातात काही नाही. आणि त्यांनी तिला माझ्या खोलीत पाठवलं. सहा केमो पूर्ण व्हायला हव्यात, एवढाच प्रश्न होता.

नंदिनी सुईला भ्यायली होती. सलाइनसाठी शीर शोधून शोधून तिचा हात काळानिळा झाला होता, आणि आता ही आणखी एक बाई सुया घेऊन उभी. मी समजावलं, चिडले, परत समजावलं. मग माझं लक्ष अंजनाबाईंच्या हातांकडे गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट निळं गोंदण होतं, ठिपक्यांच्या रांगा, विंचू, काहीतरी जात्यासारखं. कोणी गोंदलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, हा हात माझ्या आईनं, आणि हा मीच. त्या गोंदणाऱ्या होत्या. त्यांच्या घराण्यात बाया हेच काम करत आलेल्या.

मला वाटलं, सापडलं. मी नंदिनीला म्हटलं, "तुझी आई गोंदते नं लोकांना? हे तसंच समज. फक्त काजळ नाही."

नंदिनीने हात पुढे केला. अंजनाबाई स्टुलावर ताठ बसल्या. त्या क्षणापासून मी त्यांच्या लेखी दवाखान्यातली बाई राहिले नाही, त्यांच्याच धंद्यातली झाले.

पुढच्या मंगळवार-शुक्रवारी, सुया लावून वीस मिनिटं थांबावं लागतं त्या वेळात, त्यांनी मला आपलं आयुष्य तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. नवव्या वर्षी आईने हातात सुया दिल्या, चार सुया दोऱ्याने घट्ट बांधलेल्या. पहिले दोन महिने भोपळ्यावर टोचायचं. मग बापाच्या पिंढरीवर, कारण बापाची कातडी जाड आणि तो तक्रार करणार नाही. दिव्याचं काजळ धरायचं, पाल्याच्या रसात खलायचं. पोरीचा पाय आपल्या गुडघ्याखाली दाबून धरायचा आणि गाणं म्हणायचं, म्हणजे तिचं रडणं गाण्यात विरून जातं. बाजाराच्या दिवशी गोंडपिपरीत कासाराच्या दुकानाशेजारी त्यांची चटई असायची. लग्नाआधी पोरी यायच्या, म्हाताऱ्या यायच्या गुडघ्याच्या वातासाठी. दुखऱ्या सांध्याभोवती ठिपके गोंदले की वात उतरतो, हे त्या अगदी तज्ज्ञाच्या थाटात सांगत. उतरतो का हो खरंच, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "काई बायांचा उतरते, काई बायांचा नाई." मीही पेशंटना तेच सांगत होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी तेव्हाच सांगितली होती. ती मी ऐकली, आणि ऐकून सोडून दिली. गोंदण अंगी लागताना ताप येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खपली धरते तेव्हा अंग तापतं, तो चांगला ताप. ज्या पोरीला ताप येत नाही तिचं गोंदण फिकं राहतं.

आता त्यांच्याकडे कोणी फारसं येत नव्हतं. जत्रेत मशीनवाली पोरं बसतात, हातावर नाव लिहून देतात. त्याचं त्यांना वाईट वाटे, पण खरं दुखणं वेगळं होतं. गावोगावच्या पोरींना गोंदणाऱ्या या बाईची स्वतःची लेक कोरी होती. नंदिनी शाळेत जायची. वर्गातल्या पोरी हसतात म्हणून तिने नकार दिला, लग्नाच्या वेळीही दिला. त्यावरून मायलेकी वर्षभर बोलत नव्हत्या. त्यांच्याकडे समज असा की बाईचे दागिने, लुगडी सगळं इथंच राहतं, वर सोबत जातं ते फक्त गोंदण. "सारे मले मनत, अंजना, तुही पोरगी कोरी जाईन," असं त्यांनी एकदा सुया काढताना सांगितलं, तेव्हा नंदिनी डोळे मिटून पडल्या पडल्या हसली. तिला त्या समजुतीचं काही नव्हतं, पण आईला किती लागतं ते कळत होतं.

तिसरी केमो पार पडली. उलट्या झाल्या, पण तीन दिवसांत थांबल्या. पाचव्या दिवशी तिने भात आणि अंबाडीची भाजी खाल्ली, निकेशने फोन करून मला भाजीसकट सांगितलं. मी वॉर्डभर सांगत सुटले. डॉक्टर म्हणाले की औषधही बदललंय, त्यानेही असेल. असेल, पण मला ते ऐकायचं नव्हतं.

मंगळवारी केमोच्या दिवशी सुया आणि शुक्रवारी परत एकदा, असं आमचं ठरलेलं. मधल्या दिवसांत घरी सुई नाही, अंगठ्याने दाबायचं. मनगटाच्या रेषेपासून पेशंटचीच तीन बोटं वर, दोन शिरांच्या मध्ये एक जागा, आणि दोन्ही गुडघ्यांच्या खाली चार बोटांवर बाहेरच्या अंगाला एकेक. अंजनाबाईंनी हे एका बघण्यात उचललं. त्यांचा अंगठा माझ्यापेक्षा अचूक पडायचा. तरी मी बॉलपेनने तिन्ही जागी ठळक ठिपके काढून द्यायची आणि बजावायची की खूण राहिली पाहिजे, पुसली की जागा चुकते.

सुया लावायच्या आधी मी रक्ताचा रिपोर्ट बघते. पांढऱ्या पेशी कमी असतील तर सुई लावत नाही, कारण टोचलेल्या जागेतून जंतू आत गेले तर अडवायला कोणी नसतं. अंजनाबाईंनी मला एकदा विचारलंही होतं की सुईच्या आधी कागद काऊन पाहता. मी म्हटलं, पाहावा लागतो. बाहेर सात पेशंट होते. कारण सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

चौथी केमो ऑगस्टमध्ये झाली. मंगळवारी सुया लावल्या, ठिपके काढले, ते गावी गेले. शुक्रवारी आले नाहीत, गावच्या नाल्याच्या पुलावरून पाणी होतं. शनिवारी सकाळी अंजनाबाईंचा फोन आला. पोरगी परत ओकत होती, पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. आणि घामाने, अंग पुसण्याने ठिपके गेले होते. आता दाबू कुठी, असं त्या विचारत होत्या.

मी त्या वेळी एका पेशंटची बंद पडलेली सलाइन बघत होते. फोन खांद्यात धरून मी त्यांना रागावले. माझं ते वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. "पुसली कशी खूण? राहिली पाहिजे म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला. पुसली तर मी इथून काय करू?" त्या म्हणाल्या, हाव सिस्टर, चुकलं. मी फोन ठेवला. तीन बोटं, चार बोटं, एवढं फोनवर परत सांगता आलं असतं. दुपारी फोन करू असं ठरवलं आणि दुपारी विसरले.

पुढचं मला निकेशने सांगितलं. रविवारी सकाळी नंदिनी आईला म्हणाली, "आई, तू गोंदूनच दे नं. मंग पुसणार नाई." अंजनाबाईंनी आधी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग उठल्या, दिवा लावला, त्यावर ताटली पालथी धरून काजळ धरलं. सुया उकळत्या पाण्यातून काढल्या. त्यांच्या परीने त्यांनी सगळं स्वच्छ केलं होतं. लेकीच्या बोटांनी मोजून जागा धरली, आणि गाणं म्हणत तीन ठिपके गोंदले, एक मनगटावर, एकेक पायावर. नंदिनी रडली नाही. नऊ वर्षांची दिव्यानी, नंदिनीची पोरगी, शेजारी बसून आजीचं गाणं ऐकत होती. निकेश म्हणाला, इतक्या वर्षांत मी सासूला एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

आणि रविवारी संध्याकाळी नंदिनी जेवली. सोमवारी जेवली, मंगळवारी, बुधवारी. गावात बातमी झाली की अंजनाबाईंनी उलटीचं गोंदण काढलं.

गुरुवारी तिला ताप आला.

ताप आला तर एक तासही थांबायचं नाही, तडक दवाखान्यात यायचं, असं लिहिलेला कागद आम्ही प्रत्येक घरी देतो. त्यांच्या घरी तो देवाच्या फोटोखाली चिकटवलेला होता. दिव्यानीला तो पाठ होता. म्हणजे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. निकेश गाडी सांगायला निघालाही होता. अंजनाबाईंनी त्याला थांबवलं. त्यांना तो ताप ओळखीचा होता. चाळीस वर्षं, शेकडो पोरी, चौथ्या दिवशी खपली धरताना येणारा ताप. त्यांनी ठिपक्यांवर हळद-तेल लावलं आणि गोंदण चांगलं उठणार म्हणून त्या निश्चिंत झाल्या. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी नंदिनी काहीच्या बाही बोलू लागली, तेव्हा ते निघाले.

स्ट्रेचरवर मी तिची साडी गुडघ्यापर्यंत सरकवली आणि मला उजव्या पायावरचा ठिपका दिसला. त्याच्याभोवती तळहाताएवढी जागा लाल आणि टणक झाली होती. मग मनगट पाहिलं. जिथे माझं पेन टेकलं होतं, अगदी तिथेच. रक्ताचा रिपोर्ट आला, पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. केमोनंतर आठव्या-दहाव्या दिवशी त्या तळाला जातात. मी नवशिक्या नर्सना हे पहिल्याच दिवशी शिकवते.

दोन दिवस डॉक्टरांनी जेवढं करता येतं तेवढं केलं. सोमवारी दुपारी नंदिनी गेली. कॅन्सरने नाही. कॅन्सर हरत चालला होता.

अंजनाबाईंना डॉक्टरांनी सांगितलं की रक्तात जंतू पसरले. त्यांनी मान हलवली. ठिपक्यांचं त्यांच्यापाशी कोणी बोललं नाही. मला मात्र डॉक्टरांनी खोलीत बोलावून विचारलं, पायावर ते कसले ठिपके होते? मी म्हणाले, गोंदण आहे, त्यांच्याकडे असतं. कधीचं, कुठल्या जागेवर, कुणाच्या खुणेवर, यातलं मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी खोली बंद झाली असती. लाज वाटते लिहिताना, पण नंदिनी अजून शवागारात होती आणि मी खोलीचा विचार केला.

चार महिने गेले. सुया लावणं मी सोडलं नाही, फक्त पेन वापरणं सोडलं. डिसेंबरात एका मंगळवारी अंजनाबाई माझ्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. वाळल्या होत्या. हातात जवसाच्या चटणीचा डबा होता, माझ्यासाठी आणलेला. मला वाटलं, कळलंय यांना, जाब विचारायला आल्या आहेत. खरं सांगते, मला तसंच व्हायला हवं होतं.

पण त्या शिकायला आल्या होत्या. त्यांच्या शेजारच्या गावात एका बाईची केमो सुरू झाली होती आणि तिलाही उलट्यांनी हैराण केलं होतं. तिच्या घरच्यांनी निरोप पाठवला होता की नंदिनीला काढलं होतं ते उलटीचं गोंदण आमच्या सुनेलाही काढून द्या. अंजनाबाईंनी स्वेटरची बाही वर केली, गोंदणाने भरलेला हात टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "माह्याच हातावर खुणा करून द्या सिस्टर. जागा पक्क्या शिकवा मले. माही गेली, त्या पोरीचं तरी भलं होईन."

मी दार लावून घेतलं. बाहेरच्या पेशंटना थांबायला सांगितलं, त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणासाठी तरी पेशंटना थांबवलं. मग मी त्यांना सांगितलं. पांढऱ्या पेशींचं सांगितलं, कागद का बघते ते सांगितलं, गोंदणाचा ताप आणि जंतूंचा ताप यांतला फरक सांगितला. ते सगळं अर्ध्या मिनिटात झालं नाही, पण फार वेळही लागला नाही. शेवटी म्हणाले की जंतू त्या ठिपक्यांतून गेले, ते ठिपके माझ्या खुणेवर होते, आणि पुसू देऊ नका म्हणून ओरडले होते तीही मीच.

त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही. हात तसाच टेबलावर होता. नंतर तो त्यांनी उचलला आणि बाही खाली केली, सावकाश, पार मनगटापर्यंत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. मी रडत होते आणि मला स्वतःचाच राग येत होता, कारण रडायचा हक्क त्यांचा होता.

मग त्या म्हणाल्या, "थो ताप मी ओळखला नाई."

मी डोळे पुसले.

"त्या बाईच्या घरी तुमीच चला," त्या म्हणाल्या. "मी एकटी गेली अन् तिनं हात समोर केला, तं मले नाई मनता येणार नाई. आतापावतर कोनाले नाई मनलं नाई मी."

मी येते म्हणाले. त्या उठल्या, डबा टेबलावर माझ्याकडे सरकवला आणि दारापर्यंत गेल्या. तिथून वळून त्यांनी विचारलं, "जागा तं बरोबर होती नं माही?"

"बरोबर होती," मी म्हणाले. "अगदी बरोबर होती."

"मंग ते चार दिस," त्या म्हणाल्या, "थे जेवली, थे माह्या गोंदण्यानंच नं?"

केमोनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी उलट्या बहुतेकांच्या आपोआपच थांबतात. सुई लावा, दाबा, गोंदा, नाहीतर काहीच करू नका, तरी थांबतात. मी हे प्रत्येक पेशंटला सांगते, कुणालाही खोटी आशा लावत नाही.

"हाव बाई," मी म्हणाले. "तुमच्यानंच जेवली."